कुत्रं-मांजर ओकतंय: घरी थांबायचं की गाडी काढायची?

"डॉक्टर, कुत्रं ओकून राह्यलं, एखादी गोळी सांगा." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत्ता, या घडीला ते काय करतंय? किती वेळा ओकलं, रंग कसा होता, हे मागाहून. ओकून झाल्यावर शेपटी हलवत पुन्हा चुलीपाशी येऊन भाकरीचा तुकडा मागणारं कुत्रं आणि कोठ्याच्या कोपऱ्यात पडून हाकेला मानही न उचलणारं कुत्रं, दोघांनी ओकलेलं दिसायला सारखंच असू शकतं. पहिल्याला घरी ठेवून बघता येतं. दुसऱ्याला घेऊन निघावं लागतं.

आपल्याकडे हे ठरवणं शहरापेक्षा अवघड जातं. गावातला किंवा सर्कलचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गायी-म्हशी, बकऱ्यांसाठी असतो. कुत्र्या-मांजराला सलाईन, एक्स-रे, रक्ततपासणी हवी असेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात जावं लागतं. फारच बिकट असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. सांजेनंतर एसटी नाही, गाडी शेजाऱ्याची मागायची, डिझेलचे पैसे वेगळे. म्हणून कधी थांबायचं आणि कधी निघायचं हे घरच्या माणसालाच ठरवता यायला हवं.

पहिलं काम: ही उलटीच आहे का?

खरी उलटी अचानक होत नाही. आधी मळमळ होते. जनावर ओठ चाटतं, लाळ गाळतं, अस्वस्थ फिरतं, कुत्रं कधी धुऱ्यावरचं गवत खातं. मग पोट जोरात आत-बाहेर होतं, घशातून आवाज येतो आणि पोटातलं बाहेर पडतं.

पोट न हलता, नुसती मान खाली घातली आणि चघळलेली भाकर जशीच्या तशी लांबट गोळ्यासारखी पडली, तर अन्न पोटात पोचलंच नव्हतं. दोष अन्ननलिकेत असतो. हाड अडकलेलं असू शकतं किंवा नळीच सैल पडलेली असते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उलटीचं औषध इथे काही कामाचं नाही.

खोकून खोकून शेवटी पांढरा फेस टाकणारं कुत्रं बहुतेक वेळा उलटी करतच नसतं. तो खोकला असतो. अशा कुत्र्यांना लोक आठ-आठ दिवस ॲसिडिटीची औषधं पाजतात.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. अरुंद पण खोल छातीचं मोठं कुत्रं (जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन) सारखं ओकारी काढतंय, बाहेर काहीच येत नाही आणि पोट फुगून टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं, तर जठरात गॅस भरून त्याला पीळ पडलेला असू शकतो. यात मोजके तास हाताशी असतात आणि उपाय शस्त्रक्रियाच.

दुसरी गोष्ट पिसाळण्याची. कुत्र्याच्या घशात काही अडकल्यासारखं वाटतंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, वागणं बदललंय. अशा वेळी हाड काढायला म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजची सुरुवात नेमकी अशी दिसू शकते. हात घालून झाला असेल, लाळ लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याचं पुढे काय होतं ते बघत बसू नका.

ओकलेलं पुसण्याआधी

राख टाकून झाडून टाकायची घाई करू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, मग काडीने जरा पसरवून बघा. नाक मात्र जवळ नेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

पहाटे रिकाम्या पोटी पिवळं, फेसाळ पाणी टाकलं आणि नंतर कुत्रं नेहमीसारखं खातंय, तर ते पित्त आहे. रात्री झोपताना भाकरीचा छोटा तुकडा दिला की पुष्कळदा हे थांबतं. शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर जंताचं औषध वजनावर द्यायचं, अंदाजाने नाही. उलटीत ताज्या रक्ताची एखादी रेघ जोर केल्यानेही येते. पण रक्त जास्त असेल, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दाणेदार काही असेल, तर पोटात रक्तस्राव होतोय. शेणासारखा घाण वास येणारी उलटी म्हणजे आतडं बंद पडल्याची शंका. हिरवे-निळे-गुलाबी दाणे किंवा चुरा दिसला तर उंदराचं औषध किंवा रंग दिलेलं बियाणं खाल्लं असं धरून चाला.

हिरडी, कातडी, डोळे

ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. बोट चिकटतंय इतकी कोरडी असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. पांढरीफटक, निळसर, विटेसारखी लाल किंवा पिवळी हिरडी दिसली तर पुढचं वाचत न बसता गाडी बघा. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

मग दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच खाली बसायला हवी. सावकाश बसली, किंवा तंबूसारखी उभी राहिली, तर पाणी बरंच गेलंय. अगदी म्हाताऱ्या आणि रोडावलेल्या जनावराची कातडी एरवीही सावकाशच बसते, म्हणून तिथे हिरडीवर जास्त भरवसा ठेवा.

नाक कोरडं म्हणजे ताप, हे डोक्यातून काढून टाका. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतो. कुत्र्या-मांजराचं साधं तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे हाताला ते नेहमीच गरम लागतं.

सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण मादी, फार म्हातारं जनावर, घोटभर पाणीही न टिकणं, दिवसात चार-पाचपेक्षा जास्त उलट्या, सोबत रक्ताची हगवण, थरथर किंवा झटके, फुगलेलं दुखरं पोट, विष खाल्ल्याची शंका: यातलं एकही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही.

वावरातलं आणि घरातलं विष

शहरातल्या डॉक्टरांच्या याद्यांत चॉकलेट पहिलं येतं. ते घातक आहेच, मनुका-द्राक्षंही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. पण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पट्ट्यात मला जास्त धास्ती फवारणीच्या औषधांची वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे कुणी विसरलेलं नाही. ज्या औषधाने धडधाकट माणूस आडवा होतो, त्या औषधाचं द्रावण कालवलेल्या बादलीतलं पाणी दहा-बारा किलोच्या कुत्र्याने प्यायलं तर काय होईल, ते सांगायला नको. जागलीला सोबत नेलेलं कुत्रं तहान लागली की समोर दिसेल ते पाणी पितं. पंप धुतलेलं डबकं, रिकाम्या डब्यात साचलेलं पावसाचं पाणी, काहीही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही औषधं एकाच घराण्यातली. यांच्या विषबाधेत नुसती उलटी होत नाही. तोंडातून धार लागल्यासारखी लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ संडास, सारखी लघवी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाचे स्नायू उडणं आणि शेवटी श्वास लागणं. यावर ॲट्रोपिन हे औषध आहे आणि ते जनावरांच्या बहुतेक सरकारी दवाखान्यांत असतं. म्हणून इथे लांबच्या मोठ्या दवाखान्याच्या नादी न लागता जवळच्या पशुवैद्यकाला आधी गाठा. औषध अंगावर सांडलं असेल तर हातमोजे, नाहीतर निदान हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाच्या पाण्याने कुत्र्याचं अंग धुवा, नाहीतर ते पुन्हा चाटेल. आणि डबा सोबत न्या. "पांढरं औषध होतं" एवढ्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

उंदराच्या औषधाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. काळी-करडी पूड मिळते ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळाली की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो वायू हुंगणाऱ्या माणसालाही बाधतो. नाक जवळ नेऊ नका म्हटलं ते यासाठी. धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्यांचंही तेच. अशा वेळी 'पोटात काहीतरी जाऊ दे' म्हणून भाकर-दूध खाऊ घालू नका, अन्नाने आम्ल वाढतं आणि वायूही. गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्या.

दुसरा प्रकार रंगीत वड्यांचा, त्यात ब्रोमाडिओलोनसारखं औषध असतं. हे खाल्लेलं कुत्रं दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं, मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. वडी खाताना पाहिलं असेल तर 'बरं दिसतंय' म्हणून थांबू नका. व्हिटॅमिन के-१ वेळेत सुरू झालं तर जनावर वाचतं. ते काही आठवडे द्यावं लागतं, मध्येच बंद करायचं नाही.

बैलांच्या गोचिडांवर मारायचं औषध उरलं म्हणून मांजरावर शिंपडणारे लोक दर पावसाळ्यात भेटतात. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिनसारखी औषधं मांजराचं शरीर नीट पचवू शकत नाही. लाळ, उलटी, थरकाप, झटके असा क्रम लागतो. मांजरावर कोठ्यातलं कुठलंच औषध वापरू नये.

एरंडीच्या बिया चावून खाल्ल्या तर त्या जहाल विषारी आहेत. एरंडीची पेंड खत म्हणून वावरात टाकली की तिच्या वासावर कुत्री जातात. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे मोहाचा सडवा (दारूसाठी सडवलेली मोहफुलं) उघड्यावर टाकलेला असतो. तो खाल्लेलं कुत्रं ओकतं, झोकांड्या खातं आणि लोक हसतात. कुत्र्याला दारू चढणं गमतीचं नाही. अंग थंड पडून, श्वास मंदावून ते मरू शकतं. पावसाळ्यात बेडकासारखा दिसणारा खरबरीत भेक तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला एकदम फेस येतो. ओल्या फडक्याने हिरड्या बाहेरच्या दिशेने पुसून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं, अंग थरथरलं तर दवाखाना.

विष खाल्लं म्हणून मिठाचं पाणी, तेल, तूप, ताक, दूध पाजू नका. मिठाचं पाणी स्वतःच विष ठरतं. काही विषं तेलातुपाने उलट लवकर भिनतात. जबडा धरून नळीने ओतलेलं श्वासनळीत जातं आणि विषातून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने जातं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

पंगत, कर आणि आंब्याच्या कोया

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरोघरी मटण शिजतं आणि मग ओकणाऱ्या कुत्र्यांची रांग लागते. तेरवीच्या, लग्नाच्या पंगतीमागच्या उकिरड्याचंही तेच. तर्री, तेल, चरबी, कांदा-लसूण एकदम पोटात गेलं की साधं पोट बिघडतं, ते एक-दोन दिवसांत सावरतं. पण भरपूर चरबी खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज आली तर कुत्रं पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून वाकून उभं राहतं. खाणं बंद, पोट दुखरं. हे घरी बरं होत नाही.

शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार फाकी होतात. मक्याच्या कणसाचा बुरकुंडा (दाणे काढल्यावर उरणारा दांडा) आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय, या दोन्ही कुत्रं अख्ख्या गिळतं आणि त्या आतड्यात बुचासारख्या बसतात. सुरुवातीला दिवसाला एक-दोन उलट्या होतात, कधी कोय गिळल्यावर कित्येक दिवसांनी. नंतर काहीच टिकत नाही आणि संडासही बंद होते. अशा कुत्र्याला मेडिकलमधून ऑनडनसेट्रॉन आणून दिलं की उलटी थांबते, घरचे निश्चिंत होतात आणि आतडं आत सडत राहतं. उलटीची गोळी स्वतःहून देऊ नका असं म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

एप्रिल-मे मधली उलटी वेगळी. पारा ४५ च्या वर, कुत्रं टिनाच्या शेडखाली साखळीला बांधलेलं, भांड्यातलं पाणी तापलेलं. जोरात धापा, चिकट लाळ, उलटी, तोल जाणं, म्हणजे उष्माघात. सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि मांड्या भिजवा, पंखा लावा आणि तसंच ओल्या अंगाने न्या. बर्फात बुडवू नका.

पिल्लांची उलटी

दोन-चार महिन्यांचं पिल्लू काल खेळत होतं, आज मलूल आहे, खात नाही, ओकतंय आणि उद्या रक्ताळलेली, सडका वास येणारी पातळ संडास. हा पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार, असावा असंच धरून चाला. विषाणू शरीरात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. विषाणूला मारणारं नेमकं औषध दवाखान्यात नसतं. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक यांवर पिल्लाला तगवून धरायचं असतं. लवकर आणलेली बरीच पिल्लं वाचतात, 'उद्या बघू' म्हणून ठेवलेली फार थोडी.

लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची. एक डोस देऊन थांबलेले लोक 'लस देऊनही पार्वो झाला' म्हणतात, ते यामुळे. पिल्लू दगावलं तर त्या अंगणात महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, नवं पिल्लू आणू नका. मातीत हा विषाणू टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. फरशी, भांडी आधी धुवून मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवायची.

मांजराचं गणित वेगळं

मांजर केसांचा गोळा कधीमधी ओकतं, ते चालतं. दर आठवड्याला ओकत असेल तर 'मांजरं ओकतातच' म्हणून सोडू नका. आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असा हळूच सुरू होतो.

ओकणाऱ्या मांजराचं तोंड उघडून जीभ वर करून बघा. शिवणाचा दोरा किंवा संक्रांतीनंतर पत्र्यावर लोंबणारा मांजा जिभेच्या मुळाशी गुंडाळलेला सापडतो आणि त्याचं दुसरं टोक आतड्यात असतं. दोरा तोंडातून दिसो की मागून लोंबो, ओढायचा नाही. ताणला की तो आतड्याला करवतीसारखा कापतो.

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. कुत्र्यालाही डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, पोटात व्रण होऊन रक्त ओकतं. आणि मांजर दोन दिवस काहीच खात नसेल, विशेषतः जाडजूड असेल, तर उलटी थांबली तरी दवाखान्यात न्या. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ आजारापेक्षा तेच जिवावर बेततं.

घरी थांबायचं ठरलं तर

हे फक्त मोठ्या, चालत्या-फिरत्या, एक-दोनदाच ओकलेल्या कुत्र्यासाठी. आठ ते बारा तास अन्न बंद. पिल्लांना आणि मांजरांना असा उपास घालायचा नाही. पाणी बंद करायचं नाही, पण भरलेलं भांडंही समोर ठेवायचं नाही. तहानलेलं कुत्रं घटाघटा पितं आणि तेच पाणी पुन्हा बाहेर टाकतं. दहा किलोच्या कुत्र्याला दर अर्ध्या तासाने दोन-तीन मोठे चमचे पाणी किंवा साधं ओआरएस पुष्कळ झालं. एवढंही टिकत नसेल तर घरचा उपाय तिथेच संपला.

उलटी थांबून सहा-आठ तास गेले की मऊ भात आणि पाण्यात उकडलेलं, हाड-कातडी काढलेलं चिकन, तेल-तिखट-मीठ-लसूण काहीही न घालता. घरात मांसाहार चालत नसेल तर भातासोबत थोडं पनीर, किंवा फोडणी न घातलेली मुगाची पातळ खिचडी. पहिला घास नेहमीच्या जेवणाच्या चौथाईपेक्षा कमी. दोन तास टिकला की पुढचा. असं दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस, मग हळूहळू नेहमीची भाकर. दूध नको, बरं वाटल्याच्या आनंदात तर नकोच. चोवीस तासांत सुधारणा दिसली नाही तर निघायचं.

काही उलट्या अशा एका दिवसाच्या नसतात. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ओकू लागली, पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर पू दिसेलच असं नाही. म्हातारं कुत्रं खूप पाणी पितंय, तोंडाला उग्र वास येतोय आणि अधूनमधून ओकतंय, तर मूत्रपिंड तपासून घ्या. धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात डोळे पिवळे झाले आणि उलटी सुरू झाली, तर उंदराच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका धरा. तो माणसालाही होतो, म्हणून त्या कुत्र्याची लघवी हातमोज्यांशिवाय साफ करू नका.

निघताना डॉक्टरांसाठी एवढं हाताशी असू द्या: पहिली उलटी केव्हा, एकूण किती, शेवटचं काय खाल्लं, संडास-लघवी कशी, लस आणि जंताचं औषध केव्हा दिलं, मादी असेल तर माज केव्हा होता, घरातून कुठलं औषध दिलं का. हे शेवटचं लपवू नका, कुणी रागावत नाही. फोटो, विषाची शंका असेल तर पाकीट किंवा डबा, आणि उलटीचा थोडा नमुना झाकणाच्या डब्यात. जवळ कुणी पशुवैद्यक सापडत नसेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक लावून बघा. कुत्र्याला कुशीवर, मान जरा खालच्या बाजूला उतरती ठेवून न्या, म्हणजे वाटेत ओकलं तरी श्वासात जाणार नाही. तोंड दोरीने बांधू नका. चावायची भीती असेल तर अंग आणि पाय जाड चादरीत गुंडाळा, तोंड मोकळं ठेवा. मांजर सुताच्या पोत्यात नाही, भोकं पाडलेल्या खोक्यात न्यायचं.